मोटरीचा फेरफार

पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची एकाहून जास्त गावं आहेत. एक बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळचं, त्याला कुणी म्हाळुंगेही म्हणतं. दुसरं चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातलं महाळुंगे इंगळे. तिसरं आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ, हुतात्मा बाबू गेनू यांचं गाव. माझा राबता दुसऱ्या आणि तिसऱ्या महाळुंग्यात. आठवडाभर चाकणच्या बाजूला कंट्रोल पॅनेल बनवण्याचं काम, आणि सुट्टीच्या दिवशी आंबेगावच्या शेतांवर मोटरींच्या स्टार्टरची दुरुस्ती. एकदा घाईत कॉन्टॅक्टरची कॉइल मागवताना पत्त्यात नुसतं ‘महाळुंगे’ लिहिलं. पार्सल गेलं इंगळ्यांच्या महाळुंग्यात आणि पडवळांच्या महाळुंग्यात कांद्याचं पाणी दोन दिवस अडलं. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

पुढे त्याच गावात माझ्याच हातून असं एक काम झालं की हसण्यासारखं काही राहिलं नाही. मोटरीच्या पॅनेलमध्ये मी एक बदल केला आणि त्याचं ड्रॉइंग काढलं नाही. एवढीच गोष्ट आहे. पण ती नीट सांगायची तर आधी पॅनेल म्हणजे काय ते सांगायला हवं.

विहिरीवरची दहा एचपीची मोटर थेट लाइनवर टाकली तर सुरू होताना नेहमीच्या सहा-सातपट करंट ओढते. म्हणून तिला आधी स्टारमध्ये सुरू करतात, त्यात लाइनचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि वेग घेतला की डेल्टामध्ये टाकतात. त्यासाठी पेटीत तीन कॉन्टॅक्टर असतात: मेन, स्टार आणि डेल्टा. सोबत एक टायमर आणि जास्त करंट गेला तर मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले. स्टार आणि डेल्टा हे दोन कॉन्टॅक्टर एकाच वेळी कधीही ओढले जाता कामा नयेत, नाहीतर तिन्ही फेज एकमेकांना भिडतात. म्हणून एकाचा बंद कॉन्टॅक्ट दुसऱ्याच्या कॉइलच्या वाटेत घातलेला असतो. ही सगळी अडवाअडवी बारीक वायरींमधून चालते. जाड वायरी कुठून कुठे जातात ते डोळ्यांना दिसतं. बारीक वायरी मात्र सगळ्या एकाच पट्टीतून, एकाच रंगाच्या, एकमेकींच्या गळ्यात गळे घालून जातात. त्यातली कुठली काय करते हे फक्त ड्रॉइंग सांगतं.

महाळुंगे पडवळच्या ज्या आबांची ही मोटर, त्यांचं शेत उसाला लागून. शेतीच्या फीडरला थ्री-फेज मिळते आठ तास, पाळीपाळीने. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीला विहिरीवर जाऊन बटण दाबायचं म्हणजे उसातून वाट काढायची, आणि आमच्या जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो हे आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला केंद्र आहे ते उगाच नाही. आबा म्हणाले, “भाई, असं काहीतरी कर की लाइट आली की मोटर आपली आपण सुरू व्हईल आन् शेततळं भरलं की बंद पडंल. रातचं जायला नको.”

मागणी रास्त होती. मी पॅनेलमध्ये ऑटो स्विच टाकला. शेततळ्यावर पाण्याची पातळी बघणारा कंट्रोलर बसवला. तळं घराजवळ आणि विहीर लांब, म्हणून कंट्रोलरला सप्लाय घराच्या मीटरवरून दिला. तिथून दोन वायरी विहिरीवरच्या पेटीत आणल्या आणि आत एक छोटा रिले लावला, २३० व्होल्ट कॉइलचा. तळं रिकामं असेल तोवर रिले ओढलेला राहतो आणि मोटरीला परवानगी देतो. तळं भरलं की रिले सुटतो, मोटर थांबते. वायर तुटली तरी रिले सुटणार आणि मोटर बंदच राहणार, इतका विचार मी केला होता. दुपारी तीनला सुरू केलेलं काम मगरिबच्या आधी संपलं. आबा खूश. निघताना त्यांनी विचारलं, “कुठं लिहून ठेवायचं का काय?” मी डोक्याला बोट लावून म्हणालो, “आबा, सगळं इथं आहे.”

चार वर्षं ते तिथंच राहिलं.

एका शुक्रवारी मोटर सुरू होईना. आबांचा नातू आयटीआयला वायरमनचा कोर्स करत होता. पोरगा हुशार आणि शिकवलेलं पाळणारा. त्याने आधी मेन स्विच पाडला. मग टेस्टर लावून तिन्ही फेज तपासल्या. टेस्टर पेटला नाही. पेटीच्या दाराला आतून कंपनीचं ड्रॉइंग चिकटवलेलं होतं, उन्हाने पिवळं पडलेलं. त्यात पाहिलं तर मेन स्विचच्या पुढे सप्लाय येण्याची दुसरी वाटच नव्हती. त्यात नसलेला एक छोटा रिले त्याला दिसला, म्हणून त्याने मला फोन केला. एकदा, दोनदा, चारदा. जुम्म्याची नमाज होती, माझा फोन बंद होता. त्याने रिलेच्या टर्मिनलवरची वायर हलते का ते बोटाने पाहिलं.

तळं रिकामं होतं. म्हणजे घराच्या मीटरवरचे २३० व्होल्ट त्या टर्मिनलवर उभे होते. मेन स्विचचा त्यांच्याशी काही संबंधच नव्हता.

पोरगा मागे फेकला गेला आणि मोटरघराच्या पायरीवरून खाली पडला. पायरी होती म्हणून मनगट मोडलं. पायरी होती म्हणूनच हात वायरीपासून सुटला. विहिरीचं तोंड तिथून सहा-सात फुटांवर होतं. नमाजनंतर फोन चालू केला तर चार मिस्ड कॉल पोराचे आणि पाचवा आबांचा. मी पोहोचलो तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. त्याने मला पाहिलं आणि विचारलं, “चाचा, मी काय चुकलो?”

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याने कागदावर विश्वास ठेवला, आणि तो कागद मी खोटा करून ठेवला होता.

मोटर का सुरू होत नव्हती ते नंतर कळलं. रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये मुंग्या चिरडून बसल्या होत्या. शेतावरच्या पेटीत मुंग्या, पाली हे नेहमीचंच. पाच मिनिटांचं काम होतं.

त्या रात्री मला अब्बांची उधारीची वही आठवली. आम्ही मण्यार. अब्बा आठवडे बाजारात बांगड्या विकायचे. सणाच्या आधी बाया बांगड्या भरून घेत आणि पैसे सुगीला देत. अब्बांची शाळा चौथीपर्यंतची, पण वही अशी की कुणीही वाचावी. रक्कम चुकली तर ते खोडरबर वापरत नसत आणि पान तर कधीच फाडत नसत. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, जुना आकडा वाचता येईल अशी, बाजूला नवा आकडा आणि तारीख. मी एकदा विचारलं होतं, सगळी गिऱ्हाइकं ओळखीची, तुम्हाला सगळं तोंडपाठ, मग लिहिता कशाला? अब्बा म्हणाले, “मला माहिती आहे रे. मी उद्या नसलो तर तुला माहिती पाहिजे, आणि त्या बाईलाही माहिती पाहिजे की तू खोटं मागत नाहीस.”

कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाजवर किंवा रोजावर नाही. ती सूरह बकरातली २८२वी, आणि ती उधारीच्या व्यवहारावर आहे. देणंघेणं मुदतीचं असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इमानाने लिहावं, लिहायला नकार देऊ नये, साक्षीदार ठेवावेत, आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. लहानपणी मला वाटायचं, एवढी लांब आयत हिशेबाच्या वहीसाठी? त्या रात्री उलगडलं. पॅनेलमध्ये न लिहिता केलेला बदल हीसुद्धा उधारीच आहे. केली मी, आणि फेडली एका अठरा वर्षांच्या पोराने.

ही फक्त शेतावरच्या पेटीची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो इथल्या रसायन कारखान्यात १९७४ साली एका रांगेतल्या सहा रिअॅक्टरपैकी पाचवा तडकला, म्हणून काढून टाकला. काम थांबायला नको म्हणून चौथ्याला आणि सहाव्याला जोडणारा एक वाकडा पाइप तात्पुरता बसवला. त्या पाइपचं ड्रॉइंग काय, तर वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. साधारण दोन महिने तो पाइप चालला. १ जून १९७४ ला तो सुटला, वायू बाहेर पडून स्फोट झाला आणि २८ माणसं मेली. ‘तात्पुरतं आहे, आपल्याला माहिती आहे’ एवढंच त्यांना वाटत होतं. मला आणि त्यांना एकच वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी वही, पट्टी, मल्टिमीटर घेऊन आबांकडे गेलो. पोरगा प्लास्टरचा हात घेऊन शेजारी बसला. त्याला म्हणालो, आज मी काढतो, तू तपास. त्या दिवशी जे केलं ते इथे लिहितो, कारण वाचणाऱ्यांत या कामातले काही जण आहेत हे मला माहीत आहे.

आधी दोन्ही सप्लाय बंद केले, विहिरीवरचा आणि घराकडचा. दोन्हीकडे टेस्टर आणि मीटर लावून खात्री केली. मग कंपनीचं ड्रॉइंग बाजूला ठेवलं. पहिला नियम हाच: पेटीत काय असायला हवं ते काढायचं नाही, काय आहे ते काढायचं. एकेक वायर मीटरने माग काढत गेलो. कंपनीच्या ड्रॉइंगशी न जुळणाऱ्या तीन गोष्टी निघाल्या. दोन माझ्या. तिसरी माझ्याही आधीची: कुणीतरी सिंगल फेज प्रिव्हेंटर बाजूला टाकून सरळ वायर जोडली होती. म्हणजे एक फेज गेली असती तर मोटर जळेपर्यंत कुणाला कळलं नसतं. ही कुणाची उधारी होती ते कधीच कळणार नाही.

ड्रॉइंगमधले सगळे कॉन्टॅक्ट सप्लाय नसतानाच्या अवस्थेत काढायचे. मोटर चालू असताना पेटी कशी दिसते ते काढलं की वाचणारा फसतो. प्रत्येक वायरीला नंबर द्यायचा आणि वायर कॉन्टॅक्टमधून किंवा कॉइलमधून पार झाली की नंबर बदलायचा. ओव्हरलोडच्या ९५ वर येणारी वायर ३ असेल तर ९६ वरून निघणारी ४. एकाच बिंदूला जोडलेल्या सगळ्या वायरींचा नंबर मात्र एकच. तोच नंबर वायरीच्या दोन्ही टोकांना फेरुलवर घालायचा. कागदावर नंबर आणि वायरीवर नाही, तर तो कागद भिंतीला लावायच्या कामाचा.

प्रत्येक कॉइलच्या खाली लिहायचं की तिचे कॉन्टॅक्ट कुठे कुठे वापरलेत. रिलेची कॉइल एका कोपऱ्यात असते आणि तिचा १३-१४ कॉन्टॅक्ट दुसऱ्या पानावर मोटर अडवत असतो. शोधणाऱ्याने सगळी पानं चाळायची का?

बदल झाला की नवं तेवढं काढून भागत नाही, काय काढून टाकलं तेही दाखवायचं. काही जण नवं लाल शाईने आणि काढलेलं हिरव्याने दाखवतात, काही जण नेमकं उलट. म्हणून कोपऱ्यात लिहायचं की या कागदावर कुठल्या रंगाचा काय अर्थ. बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ मारायची. आणि खाली चौकट: बदल क्रमांक, तारीख, काय बदललं, का बदललं, कुणी. ‘का’ हा रकाना बहुतेक चौकटींत नसतो. मी घालतो. कारण माहीत नसलं की पुढचा माणूस तो रिले फालतू समजून काढून टाकतो.

आणि बाहेरून येणारा सप्लाय. मेन स्विच पाडल्यावरही जी वायर जिवंत राहते तिला वेगळा रंग हवा. यंत्रांच्या विद्युत साधनांसाठीचं आयईसी ६०२०४-१ हे मानक त्यासाठी नारिंगी सुचवतं. मी चार वर्षांपूर्वी लाल वापरली होती, कारण पिशवीत लाल उरली होती. आता तो २३० व्होल्टचा रिले काढून २४ व्होल्ट डीसीचा बसवला आणि त्याचा पॉवर सप्लाय घराकडेच ठेवला. पेटीत आता २४ व्होल्टच येतात, तरीही वायर नारिंगी. आणि दारावर बाहेरून दोन पाट्या: ‘आत बाहेरचा सप्लाय येतो’ आणि ‘मोटर आपोआप सुरू होते’. दुसरी पाटी तितकीच गरजेची. ऑटोवर ठेवलेल्या मोटरीच्या कपलिंगवर कुणाचा हात असेल आणि तेवढ्यात लाइट आली, तर मोटर विचारून सुरू होत नाही.

सिंगल फेज प्रिव्हेंटर पुन्हा वाटेत घेतला. वायरी ओढल्या, फेरुल घातले, प्रत्येक ओळ पोराने मीटरने तपासली आणि कागदावर टिक केली. एका ठिकाणी त्याने माझी चूक पकडली, स्टारच्या इंटरलॉकला २१-२२ ऐवजी मी १३-१४ लिहिलं होतं. इथे साक्षीदार लागतो तो यासाठी.

ड्रॉइंग पुरं होत आलं तेव्हा तो म्हणाला, “चाचा, हे सगळं इंग्रजीत का लिहिता? आबांना वाचता येत नाही.” पंधरा वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. कारखान्यातल्या ड्रॉइंगवर इंग्रजीच असते, हात तसाच वळलेला. मग चिन्हं आणि नंबर तसेच ठेवून प्रत्येक ओळीसमोर मराठीत लिहिलं: ‘तळं भरलं की मोटर बंद’, ‘लाइट आल्यावर थोडं थांबून सुरू’, ‘एक फेज गेली की बंद’. मोटरीच्या नावापुढे ‘खालची विहीर’ असंही लिहिलं, कारण त्या घरात तिला दुसऱ्या कुठल्याच नावाने कुणी ओळखत नाही. डिंभे धरणाच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर आहे, आणि पाणी सुटलं की सगळे म्हणतात डिंभ्याचं पाणी आलं. दोन्ही नावं कागदावर असली की कुणी चुकत नाही.

आबा इतका वेळ खाटेवर बसून बघत होते. कागद हातात घेऊन त्यांनी मराठी ओळी सावकाश वाचल्या. खालच्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, “हे काय?” मी सांगितलं, कधी काय बदललं त्याची नोंद. आबा म्हणाले, “म्हंजी हा मोटरीचा फेरफार म्हण की.”

त्याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. जमिनीत नाव चढलं, नाव कमी झालं, बोजा बसला, की फेरफाराच्या वहीत नोंद होते आणि तिचा नंबर सातबाऱ्यावर येतो. जुनं नाव पुसत नाहीत, कंसात ठेवतात. त्यामुळे कुणाकडून कुणाकडे काय गेलं ते पन्नास वर्षांनी नातवालाही कळतं. एका गुंठ्यासाठी शेतकरी फेरफाराची नक्कल काढायला तालुक्याला चार खेपा घालतो. ज्या पेटीत जीव घेण्याइतकी वीज आहे तिचा फेरफार मात्र वायरमनच्या डोक्यात असतो, आणि वायरमनचा फोन बंद असतो.

ड्रॉइंगच्या तीन प्रती केल्या. एक प्लास्टिकमध्ये घालून पेटीच्या दाराला आतून, एकीचा फोटो पोराच्या मोबाइलमध्ये, आणि एक आबांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली. कंपनीचं पिवळं ड्रॉइंग फेकलं नाही. त्यावर एक तिरकी रेघ मारली, ‘रद्द, नवीन बघा’ लिहिलं, तारीख घातली आणि नव्याच्या मागे लावून दिलं.

मजुरी मी घेतली नाही. आबांनी आग्रह केला तेव्हा म्हणालो, हे काम चार वर्षांपूर्वीचं आहे, पैसे तेव्हाच मिळालेत.

पोराचं मनगट जुळलं. थंडीत दुखतं असं तो म्हणतो. आता तो स्वतः आसपासच्या शेतांवर कामं घेतो. मागच्या महिन्यात त्याने आबांच्या पेटीत मोबाइलवरून चालणारा स्टार्टर जोडला आणि रात्री मला ड्रॉइंगचा फोटो पाठवला. बदल क्रमांक ३, तारीख, काय, का, कुणी, सगळे रकाने भरलेले. ‘का’च्या रकान्यात लिहिलं होतं: ‘आबांचे गुडघे दुखतात.’

मी फोटो मोठा करून ओळ न् ओळ पाहिला आणि त्याला फोन केला. म्हटलं, १५ नंबर दोन जागी आलाय. तो म्हणाला, “थांबा चाचा, बघतो.” थोड्या वेळाने दुसरा फोटो आला. एका १५ वर रेघ होती, खालचा आकडा वाचता येत होता, आणि बाजूला १९ लिहिलं होतं.